प्रामाणिक अपयशाची जागा

विद्यापीठाची पदवी विद्यार्थ्याच्या हातात पडते, पण ती लिहिलेली असते तिसऱ्याच कुणासाठी तरी. औषधाच्या दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी पुढे करणारा रुग्ण, नव्या पुलावरून रोज जाणारा एसटीचा प्रवासी, हिशेब तपासून घेणारी पतसंस्था, मुलाला शाळेत घालणारे आईबाप, यांच्यापैकी कुणीही परीक्षागृहात हजर नसते. उत्तरपत्रिका त्यांनी पाहिलेली नसते, आणि पाहिली तरी ती बरोबर की चूक हे त्यांना ठरवता येईलच असे नाही. विद्यापीठ त्यांना शब्द देते आणि त्या शब्दावर ही माणसे विसंबतात. या शब्दात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली, गुणपत्रिकेवर जे काही आहे ते त्या विद्यार्थ्याने स्वतः कमावलेले आहे. दुसरी, ठरलेली पातळी गाठल्याशिवाय त्याला पदवीपर्यंत पोहोचू दिलेले नाही. पहिल्या गोष्टीची राखण शैक्षणिक सचोटीचे नियम करतात. कॉपी, डमी, वाङ्मयचौर्य, बनावट निरीक्षणे, दुसऱ्याकडून लिहून घेतलेला प्रकल्प हा त्यांचा प्रांत. दुसरीची राखण करतात शैक्षणिक प्रगतीचे नियम : हजेरी, टर्म ग्रँट, उत्तीर्णतेची किमान पातळी, ग्रेस, एटीकेटी, वर्ष वाया जाणे, पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत. प्रस्तुत पुस्तक या दोन्ही प्रांतांचे आहे, आणि दोन्ही एकत्र का वाचायला हवेत हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आपल्या महाविद्यालयांत या दोन गोष्टींची खाती वेगळी असतात. कॉपीचे प्रकरण परीक्षा विभागाकडे आणि चौकशी समितीकडे जाते. हजेरी आणि एटीकेटीचा हिशेब कार्यालयाच्या खिडकीवर होतो. एकाकडे नैतिक प्रश्न म्हणून पाहिले जाते, दुसऱ्याकडे कारकुनी म्हणून. विद्यार्थ्याच्या आयुष्यात मात्र त्या एकाच वेळी समोर उभ्या राहतात. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास झालेला नाही हे ज्याला कळून चुकले आहे, त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, येते तेवढे लिहून यायचे आणि विषय राहिला तर राहू द्यायचा. दुसरी, चिठ्ठी, मोबाइल किंवा पुढच्या बाकावरचा मित्र. यांतली कोणती वाट तो धरील हे त्याच्या संस्कारांवर अवलंबून असते, तसेच पहिल्या वाटेने जाण्याची किंमत किती यावरही असते. विषय राहिल्याने वर्ष, शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि घरातली पत असे सगळेच जाणार असेल, तर दुसऱ्या वाटेला संस्थेनेच ढकलल्यासारखे होते. या पुस्तकामागचे सूत्र एका वाक्यात सांगायचे तर असे : ज्या व्यवस्थेत प्रामाणिकपणे नापास होण्याला जागा असते, तिथेच प्रामाणिकपणे पास होण्याला अर्थ उरतो. म्हणून प्रगतीचे नियम हेच सचोटीचे पहिले नियम आहेत.

परीक्षेतल्या गैरप्रकारांचा बंदोबस्त परीक्षेइतकाच जुना आहे. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात सरकारी नोकरीच्या परीक्षांत उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकले जाई. परीक्षकाला हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून लेखनिकांकडून संपूर्ण उत्तरपत्रिका पुन्हा लिहून घेतली जाई. आजचा बैठक क्रमांक आणि बारकोड हे त्याच कल्पनेचे वारस. ती परीक्षापद्धती १९०५ मध्ये बंद झाली, पण परीक्षक आणि परीक्षार्थी एकमेकांना अनोळखी असले पाहिजेत हे तत्त्व जगभर रुजले. आपल्याकडे १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली. ती सुरुवातीला शिकवत नव्हती. शिकवणे महाविद्यालयांचे, परीक्षा घेणे विद्यापीठाचे अशी वाटणी होती. १८५९ च्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांमध्ये महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या व्यवस्थेने महाराष्ट्राला विद्वानांची एक मोठी पिढी दिली हे खरेच, पण शिकवणारा आणि तपासणारा यांच्यात अंतर ठेवून तिने वर्षाअखेरच्या तीन तासांना अवाजवी वजनही दिले. एकाच दिवशी सगळे ठरणार असले की त्या दिवसाभोवती गाइडे, अपेक्षित प्रश्नसंच, पेपरफुटी आणि कॉपी यांचा बाजार उभा राहतो. बाजार नंतर वाढला, त्याला लागणारी जमीन आधीपासून होती.

ही अडचण धोरणकर्त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षांची सुचवू, असा १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाचा अभिप्राय होता. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. पुढे सत्रपद्धती आली, २०१५ च्या सुमारास श्रेयांक म्हणजे क्रेडिट आणि दहा बिंदूंची श्रेणी आली, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट बँक आणि मधूनच बाहेर पडण्याची सोय आली. पहिले वर्ष किमान ४० क्रेडिट आणि ठरलेले कौशल्याचे काम पूर्ण करून सोडले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर सोडले तर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स, अशी ही शिडी आहे, आणि मिळवलेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. कागदावर या सगळ्या सुधारणांचा रोख एकच आहे : एका दिवसाचे ओझे अनेक दिवसांवर वाटायचे आणि थांबलेल्याला परत येण्याचे दार उघडे ठेवायचे. प्रत्यक्षात ओझे वाटले गेले की वाढले, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःला विचारायला हवा. एका सत्रात आठ-दहा विषय, प्रत्येकाच्या असाइनमेंट, प्रेझेंटेशन आणि चाचण्या, वर्गात शंभरावर मुले आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक असे चित्र असेल, तर अंतर्गत मूल्यमापन ही उतरवून काढण्याची वर्षभराची शाळा होते.

कायद्याची बाजू नवख्या वाचकाला सर्वांत कमी माहीत असते आणि अडचण आली की तीच सर्वांत जास्त लागते. महाराष्ट्रात १९८२ पासून विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा स्वतंत्र कायदा आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळ गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समिती नेमते, आणि तिच्या कक्षेत परीक्षार्थींसोबत पेपर काढणारे, तपासणारे आणि परीक्षेशी संबंधित इतरही येतात. परीक्षागृहात कॉपी सापडली तर सर्वसाधारण रीत अशी असते : पर्यवेक्षक उत्तरपत्रिका आणि सापडलेले साहित्य ताब्यात घेतो, विद्यार्थ्याचा लेखी जबाब घेतला जातो, उरलेल्या वेळासाठी नवी उत्तरपत्रिका दिली जाते, निकाल राखून ठेवला जातो आणि पुढे समितीपुढे बोलावणे येते. साहित्य नुसते जवळ असणे, त्यातून उतरवणे, उत्तरपत्रिका बाहेरून आणणे आणि डमी बसवणे या चढत्या पायऱ्या आहेत, शिक्षाही तशाच चढत जातात. घाबरलेला विद्यार्थी जबाबात समोर ठेवले ते लिहून सही करतो आणि समितीपुढे जातच नाही. आपले म्हणणे मांडण्याचा त्याला हक्क आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

हा हक्क न्यायालयांनी घडवला आहे. गैरप्रकाराबद्दल विद्यार्थ्याचा निकाल रद्द करणारी समिती न्यायिक स्वरूपाचे काम करत असते, त्यामुळे त्याला म्हणणे मांडू दिलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात ठरवले. १९७० मध्ये बिहारमधल्या एका केंद्राची संपूर्ण परीक्षाच रद्द झाली तेव्हा, सामूहिक कॉपीत प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी आवश्यक नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले. १९९१ चा निकाल तर महाराष्ट्राच्या दहावीच्या परीक्षेतून आला. गुणांच्या नोंदींत फेरफार झाल्याच्या त्या प्रकरणात न्यायालयाने मंडळाची कारवाई उचलून धरली आणि अशा चौकशीत फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचा तराजू पुरतो, हे तत्त्व मांडले. फेरतपासणीची मागणी हा आपोआप मिळणारा हक्क नाही, हे १९८४ मध्ये महाराष्ट्राच्याच मंडळाच्या दाव्यात ठरले. २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य झाला. हे निकाल एकापुढे एक ठेवले की एक समतोल दिसतो. संस्थेला परीक्षेचे पावित्र्य राखण्याचा अधिकार भक्कम आहे, पण तो आंधळेपणाने वापरता येत नाही. २०२४ च्या केंद्रीय कायद्याने पेपरफुटीच्या टोळ्यांना दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि किमान एक कोटी रुपये दंड ठेवला. त्याचा रोख भरती आणि प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षांवर आहे, परीक्षार्थींसाठी त्याने नवी शिक्षा आणलेली नाही. महाविद्यालयाच्या वर्गातला प्रश्न तिथेच सोडवायचा आहे.

तो कसा सोडवायचा याबद्दल जगभरात तीन विचारधारा दिसतात. पहिली पहाऱ्याची. भरारी पथक, सीसीटीव्ही, झडती, साम्य मोजणारे सॉफ्टवेअर आणि जबर शिक्षा ही तिची हत्यारे. आपल्याकडे दहावी-बारावीच्या कॉपीमुक्त अभियानापासून विद्यापीठापर्यंत तीच प्रचलित आहे. दुसरी धारा शब्दाची. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात १८४० मध्ये एका विद्यार्थ्याने प्राध्यापकाची गोळी घालून हत्या केली. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातले नाते इतके विस्कटलेले असताना तिथे १८४२ मध्ये विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दावर परीक्षा देण्याची प्रथा सुरू झाली. १८९३ पासून प्रिन्स्टनमध्येही पर्यवेक्षकाविना परीक्षेची परंपरा पडली. या धारेला संशोधनाचा आधार मिळाला तो विसाव्या शतकात. विल्यम बॉवर्स यांनी १९६० च्या दशकात ९९ अमेरिकी महाविद्यालयांतल्या पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिकांनी काही ना काही गैरप्रकार केल्याचे कबूल केले. पुढे डोनाल्ड मॅकेब यांच्या अभ्यासांनी दाखवले की शब्दाची प्रथा जिवंत असलेल्या ठिकाणी गैरप्रकार कमी आढळतात, आणि विद्यार्थ्याच्या वागण्यावर सर्वांत मोठा प्रभाव आजूबाजूचे विद्यार्थी काय करतात याचा असतो. तिसरी धारा शिकवण्याची. ट्रिशिया बर्ट्रम गॅलंट यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, विद्यार्थी फसवतो का, यापेक्षा तो शिकतो आहे का, हे आधी पाहा. पाठांतराने सुटणारा, दरवर्षी तोच येणारा, कुणी वाचणारच नाही असा प्रश्न दिला तर उतरवून काढण्याला आपणच आमंत्रण दिलेले असते.

या तिन्ही धारांमध्ये एक उणीव सारखीच आहे. गैरप्रकार कसा रोखायचा किंवा कसा हाताळायचा, एवढाच विचार त्या करतात. अभ्यास न झालेल्या विद्यार्थ्याने मग काय करायचे, याचे उत्तर त्यांच्या पोटात नसते. ते उत्तर प्रगतीच्या नियमांत असते. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी एटीकेटी किंवा नुसता ‘केटी’ हा शब्द कधी थट्टेने तर कधी लाजेने येतो, पण राहिलेल्या विषयांसह पुढच्या वर्गात बसू देणारी ही मुभा म्हणजे आपल्या विद्यापीठांनी केलेली एक अतिशय शहाणी तरतूद आहे. ती विद्यार्थ्याला सांगते की हा विषय तुला आलेला नाही हे आम्ही नोंदवले आहे, तो तुला पूर्ण करावाच लागेल, पण तुझे वर्ष आम्ही घेत नाही. नोंद खरी राहते आणि माणूसही टिकतो. अमेरिकी विद्यापीठांत हेच काम ‘प्रोबेशन’ करते. सरासरी ठरलेल्या पातळीखाली, बहुतेक ठिकाणी चारपैकी दोनखाली, गेली की विद्यार्थ्याला इशारा, सल्लागार आणि सुधारण्यासाठी एखादे सत्र मिळते. तिथल्या सरकारी अर्थसाहाय्याच्या नियमांतही पदवीच्या ठरलेल्या लांबीच्या दीडपटीपर्यंत सवड असते. एमआयटीने १९६८ पासून पहिल्या वर्षासाठी अक्षरश्रेणीऐवजी केवळ उत्तीर्णतेची नोंद ठेवण्याची पद्धत आणली, ती बदलत्या रूपात पुढेही चालू राहिली. नव्या जागी धडपडणाऱ्याचे पहिले अडखळणे आयुष्यभर त्याच्या कपाळावर राहू नये, हे त्यामागचे तारतम्य आहे. महाराष्ट्रातून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना हे नियम जाण्यापूर्वी माहीत असणे अत्यावश्यक आहे. तिथे दुसऱ्याची वाक्ये संदर्भाशिवाय वापरणे हा किरकोळ दोष समजला जात नाही, आणि शैक्षणिक कारणावरून काढून टाकले गेले तर व्हिसाही धोक्यात येतो.

प्रामाणिक अपयशाला जागा नसली की काय होते, हे पाहायला परीक्षागृहात जायची गरज नाही. प्रथम वर्ष विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जावे. बार पेंड्युलमने गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग घ्या. हातात स्टॉपवॉच, वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, आलेखावरून लांबी काढायची, सूत्रात घालायची. वीस आंदोलनांचे बत्तीस सेकंद धरले आणि बोटाने घड्याळ दाबताना दोन दशांश सेकंदांचा फरक पडला, तर उत्तर ९.८ ऐवजी ९.७ किंवा ९.९ येईल. मोजताना वीसऐवजी एकवीस आंदोलनांचा वेळ घेतला गेला, तर ते थेट ८.९ च्या आसपास उतरेल. हे सगळे प्रयोगाचेच अंग आहे. ८.९ का आले हे शोधणारा विद्यार्थी त्या दुपारी खरे भौतिकशास्त्र शिकतो. पण जर्नलमध्ये ८.९ लिहिले की लाल शाईची फुली पडते, ‘रिपीट’ असा शेरा येतो, सबमिशनची तारीख तर उद्यावर असते. शेजारच्या जर्नलात, आणि सिनिअरकडून आलेल्या जर्नलात, ९.८० आहे. मग उत्तर आधी आणि निरीक्षणे मागाहून, असा उलटा प्रवास सुरू होतो. चाळीस जर्नलांत चाळीस वेळा ९.८० आले की प्रयोगशाळेची पाटी राहते, प्रयोग उरत नाही. या मुलाला कुणी खोटे बोलायला शिकवले असे म्हणता येणार नाही. खरे लिहिल्याची शिक्षा मात्र त्याला व्यवस्थेनेच दिली. पुढे तो औषधाच्या कंपनीत गुणवत्ता तपासायला बसला आणि वहीत हवा तो आकडा भरू लागला, तर ती सवय कुठून आली ते आपल्याला कळलेले बरे.

नेमक्या याच जागी आपल्या राष्ट्रीय नियमांत पोकळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य यांबाबतचे विनियम आणले. ते बरेच नेमके आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, दहा ते चाळीस टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादरीकरण, चाळीस ते साठला वर्षभर पुन्हा सादर करण्यास मनाई, साठच्या वर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वज्ञात किंवा योगायोगाने जुळणारे शब्द मोजणीतून वगळलेले आहेत. विभाग आणि संस्था अशा दोन पातळ्यांवर समित्या आहेत. पण हे सारे प्रबंध, शोधनिबंध आणि प्रकाशनांसाठी. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका यांना त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला, ही चांगलीच गोष्ट. परंतु पंचविशीतल्या संशोधकाला जे दोन क्रेडिटमध्ये शिकवायचे, त्याच्या उलट तो अठराव्या वर्षापासून सहा-सात वर्षे शिकून आलेला असतो. पदवीच्या अभ्यासक्रमातही सचोटीची तत्त्वे शिकवावीत अशी अपेक्षा त्याच विनियमांत आहे. ती अमलात आणण्याचे काम महाविद्यालयांचे आहे आणि त्यासाठी लागणारी मराठीतली साधने जवळजवळ नाहीत.

अपयशाला जागा ठेवण्यावर पहिला आक्षेप पातळीचा घेतला जातो. एटीकेटी, ग्रेस आणि विषय राहिले तरी सरसकट पुढच्या वर्षात बसू द्या म्हणून अधूनमधून आंदोलने करून मागितले जाणारे ‘कॅरी ऑन’ यांनी पदवी स्वस्त झाली, आता आणखी सवलती नकोत, असे अनेक कळकळीचे शिक्षक म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे. पण सवड आणि सवलत यांत फरक केला पाहिजे. सवड विद्यार्थ्याला पातळी गाठण्यासाठी अधिक वेळ देते. सवलत पातळीच खाली आणते आणि नोंद मात्र तीच ठेवते. राहिलेला विषय पुढच्या सत्रात पुन्हा द्यायला लावणे ही सवड. न आलेला विषय आंदोलनाच्या रेट्याखाली आल्याचे दाखवणे ही सवलत, आणि तिच्यात विद्यापीठाचा स्वतःचाच शब्द मोडतो. या अर्थाने पातळीशी तडजोड न करणे आणि अपयशाला जागा ठेवणे यांत विरोध नाही. जिथे नापास होणे म्हणजे सर्वनाश असतो, तिथे तपासणाराही हात आखडतो आणि चौतीसचे पस्तीस करतो. शिक्षा टोकाची असली की ती देणारेच कचरतात, हा सचोटीच्या क्षेत्रातलाही अनुभव आहे. व्हर्जिनियात दीर्घकाळ दोषी विद्यार्थ्याला कायमचे काढून टाकणे ही एकच शिक्षा होती. २०२२ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनीच मतदानाने ती सौम्य केली आणि पुढे शिक्षांच्या पायऱ्या आल्या.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात पोहोचले आहे, इंग्रजीतून शिकावे लागते आहे, सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी काम आहे, अशा मुलांना ही सचोटी परवडते का? ती भरल्या पोटाची नीती नाही का? हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा, कारण नियम सर्वांना सारखे दिसले तरी त्यांचा भार सारखा पडत नाही. पैसेवाला प्रकल्प विकत घेतो आणि पकडला जात नाही, तर खिशातल्या चिठ्ठीसह सापडतो तो बहुधा गरीबच. पण यातून निघणारा निष्कर्ष असा की, पदवीच्या शब्दाला किंमत असण्याची सर्वांत जास्त गरज याच मुलाला आहे. ज्याच्याकडे ओळख आहे, वशिला आहे, वडिलांचा धंदा आहे, त्याची पदवी खोटी ठरली तरी त्याचे अडत नाही. ज्याच्याकडे पदवीखेरीज काहीच नाही, त्याची पदवी बाजारात संशयास्पद झाली की त्याचे सगळेच जाते. त्याला सचोटीतून सूट देणे हा त्याच्यावरचा अन्यायच आहे. त्याला लागते ती पूरक शिकवणी, संदर्भ कसा द्यायचा याचे मराठीतून मार्गदर्शन, हजेरीच्या नियमात कामाचे तास ध्यानात घेण्याची तयारी आणि पुन्हा परीक्षा देण्याची फी परवडेल अशी सोय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. प्रत्येक मृत्यूची कारणे वेगळी आणि गुंतागुंतीची असतात, परीक्षेला एकट्याला दोष देता येणार नाही. तरीही अपयशाची किंमत कमी करणे हा विषय किती निकडीचा आहे हे त्या आकड्याकडे पाहून कुणालाही पटावे.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे, अट म्हणून मान्य केली पाहिजे. सचोटी विद्यार्थ्याकडून मागायची असेल तर ती संस्थेनेही पाळावी लागते. १९८६ मध्ये एमडी परीक्षेच्या गुणांत फेरफार झाल्याच्या आरोपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले होते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावर तपासणी घाईने सुरू केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना हटवण्यात आले. पंचेचाळीस दिवसांत निकाल लावण्याचे बंधन कायद्यातच आहे. अर्ज एक दिवस उशिरा भरला म्हणून विद्यार्थ्याकडून विलंब शुल्क घेणाऱ्या व्यवस्थेने स्वतःच्या मुदती मोडल्या, न वाचता प्रबंध मंजूर केले, प्रवेश टिकवण्यासाठी अंतर्गत गुण सरसकट वाटले, तर तिच्या तोंडून सचोटीचा उपदेश शोभत नाही. मॅकेब यांचा निष्कर्ष इथे पुन्हा लागू पडतो. माणूस नियमपत्रक वाचून वागत नाही, आजूबाजूला काय चालते ते पाहून वागतो, आणि विद्यार्थ्याच्या आजूबाजूला शिक्षक आणि विद्यापीठही असतात.

हे सारे आत्ताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि दोन-तीन वर्षांत घरी लिहून आणायच्या प्रत्येक कामाचा अर्थ बदलला. पहाऱ्याच्या विचारधारेने लगेच यंत्राने लिहिलेला मजकूर पकडणारी ओळखयंत्रे शोधली. पण ती किती डळमळीत आहेत हे लवकरच उघड झाले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीने स्वतःचे ओळखयंत्र अचूकतेअभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी त्याच वर्षी सात ओळखयंत्रे तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्या यंत्रांनी यंत्रलिखित ठरवले. साधे शब्द, साधी वाक्ये, हाच संशयाचा पुरावा झाला. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी जपून, सोपे इंग्रजी लिहितो. उद्या त्याच्या महाविद्यालयाने असे यंत्र न्यायाधीश म्हणून बसवले तर पहिला बळी त्याचाच जाईल. यंत्राचा अहवाल चौकशीची सुरुवात असू शकतो, निकाल नाही, हे १९६२ पासूनच्या न्यायतत्त्वातून सरळ निघते. त्याहून टिकाऊ उपाय शिकवण्याच्या धारेकडे आहे. कच्चा मसुदा आधी पाहणे, लिहिलेल्यावर पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारणे, यंत्राची मदत कुठे चालेल आणि कुठे नाही हे प्रत्येक कामापुरते स्पष्ट लिहून देणे, यांना वेळ लागतो आणि शिक्षक लागतात. शिक्षकांची रिक्त पदे भरणे हा म्हणूनच सचोटीचाही प्रश्न आहे.

या पुस्तकाने यातले काय साधायचे ठरवले आहे ते आता सांगतो. हे नियमांचे संकलन नाही. परिपत्रके बदलतात आणि प्रत्येक विद्यापीठाचे तपशील वेगळे असतात, ते त्या त्या ठिकाणी ताजे पाहावेत. नियम कसे वाचायचे, त्यामागचे कारण कसे ओळखायचे, आपल्यावर प्रसंग आला तर कोणत्या पायरीवर काय मागायचे आणि दुसऱ्याचा विचार आपल्या लेखनात उजळ माथ्याने कसा आणायचा, हे शिकवण्याचा प्रयत्न इथे आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हा आमचा पहिला वाचक. दुसरा वाचक शिक्षक, ज्याला उद्याच्या असाइनमेंटचा प्रश्न आज रात्री काढायचा आहे. तिसरा वाचक अभ्यासमंडळ आणि परीक्षा मंडळ यांवर बसणारी माणसे, ज्यांच्या एका ठरावाने हजारो मुलांपुढच्या वाटा बदलतात. या तिघांनाही एकच विनंती आहे. पुढच्या वेळी नियम करताना, शिकवताना किंवा पाळताना एक प्रश्न आधी विचारावा : इथे खरे सांगणाऱ्याचे काय होते? ८.९ लिहिणाऱ्याला प्रयोग पुन्हा करायला वेळ मिळत असेल, विषय राहिलेल्याला तो पूर्ण करायला संधी मिळत असेल, चुकलेल्याला शिक्षा भोगून वर्गात परत येता येत असेल, तर उरलेल्या नियमांना कडक असण्याचा पूर्ण अधिकार आहे. तसे नसेल तर आधी तेवढे दुरुस्त करावे. भरारी पथकांची संख्या वाढवण्याचा विचार त्यानंतर.